‘चारशे पन्नास’चा शिक्का आणि न जुळणारी गोळी : नौपाड्यातल्या एका जुन्या रायफलीचं प्रकरण

हे प्रकरण त्या कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मापं मात्र माझ्या वहीत आहेत तशीच दिली आहेत.

पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यात राहणारे एक काका, वय अठ्ठ्याहत्तर. तलावपाळीवर सकाळी फेरी मारताना आमची ओळख झाली, तिला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्यांच्या घरी लोखंडी कपाटात एक रायफल आहे. परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, नंतर वारस म्हणून काकांच्या नावावर झाला. परवान्यावर नोंद आहे ‘.४५० बोअर रायफल’ (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इथे इंचात). दरवर्षी खंडेनवमीला ती बाहेर निघते, तेलाचा हात फिरतो, झेंडूची माळ चढते आणि दसरा झाला की परत कपाटात. काकांच्या हयातीत तिचा बार एकदाही निघालेला नाही.

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी : पणजोबा मुंबई इलाख्याच्या पलटणीत होते, २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली तिथे ते होते आणि ही रायफल त्यांनी तिथे चालवली. रायफलीच्या उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली व्ही. आर., एनफील्ड, १८७८ असा शिक्का. आकारावरून ती मार्टिनी-हेन्री. खालची लिव्हर ओढली की नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा पुढून खाली झुकतो, एक काडतूस सरकवायचं, लिव्हर वर, बार. ठोकळ्याची सुधारित रचना स्वित्झर्लंडच्या फ्रीडरिख फॉन मार्टिनी यांची आणि नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांचे, म्हणून जोडनाव. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ साली स्वीकारली.

रायफलीबरोबर एक सागवानी पेटीही आहे. तीत गोळ्या ओतायचा एक लोखंडी साचा, चौदा शिशाच्या गोळ्या आणि एक रिकामी पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच.

माझा संबंध एवढाच, की वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये मी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. बंदुकीतलं मला पूर्वी फारसं काही कळत नव्हतं. भोक आणि भोकात बसणारी वस्तू यांचं माप कसं घ्यायचं, ते कळतं.

प्रश्न कुठे उभा राहिला

काकांचा पुतण्या एअर रायफल नेमबाजी करतो. गेल्या पावसाळ्यात त्याने काकांना शब्द दिला, “काका, या दसऱ्याला एक बार काढूच.” म्हाताऱ्या माणसाला असा शब्द फार लागतो. काका मला दोन-तीनदा म्हणाले, “तुम्ही जरा बघा ना, गोळी बसते का ते.”

मी जाईपर्यंत पुतण्याने निम्मं काम उरकलं होतं. घोडबंदर रोडवरच्या टायरवाल्याकडून चाकांची बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजनं आणली, काकूंच्या लोखंडी कढईत गॅसवर वितळवली आणि पेटीतल्या साच्यात चार गोळ्या ओतल्या. गोळ्या देखण्या निघाल्या होत्या. त्यातली एक त्याने नळीच्या तोंडाशी टेकवली, ती आत न जाता काठावर अडकली. “बघा काका, टाइट आहे. म्हणजे बरोबर मापाची आहे.”

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “ती कढई सासूबाईंची होती हो.” त्या कढईत आता पुन्हा काही शिजवता येणार नाही हे त्यांना मी सांगितलं. शिशाचा अंश धुऊन जात नाही आणि जेवणातून पोटात गेलेलं शिसं, विशेषतः लहान मुलांच्या, अंगात साठत जातं. त्यांच्या घरी चार वर्षांची नात आहे. कढई त्याच दिवशी घराबाहेर गेली. या प्रकरणातलं पहिलं नुकसान हेच, आणि ते टाळता आलं असतं.

पुतण्याची चूक समजण्यासारखी आहे. साच्यावर ‘४५०’, परवान्यावर ‘.४५०’, रायफल मार्टिनी-हेन्री म्हणजे ‘.४५०’. तिन्हीकडे आकडा एकच, मग जुळणारच असं कुणालाही वाटेल.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी आम्ही चौघं बसलो आणि बोललो. पुतण्याचं म्हणणं, काडतूस तयार करायचं, एखाद्या रेंजवर परवानगी काढायची. काकूंचं म्हणणं, पोलिसांत जमा करून मोकळं व्हायचं. पुतण्याच्या एका मित्राने परदेशातल्या संग्राहकाला विकण्याचं सुचवलं होतं. तो विचार मी पहिल्या मिनिटाला थांबवला : शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ती अशी देशाबाहेर नेता येत नाही. काका काहीच बोलले नाहीत.

माझं मत होतं, आधी मोजू. नळीत काय आहे, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या पोकळीत, काय आहे हे कळल्याशिवाय कुठलाच निर्णय घ्यायला नको.

पण मोजायचं कुठे? इथे आम्ही एका ओळखीच्या वकिलांना विचारलं, आणि विचारलं ते फार बरं झालं. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम शस्त्र किंवा दारूगोळा बनवणं, दुरुस्त करणं, तपासणं या सगळ्याला वेगळा परवाना मागतं. काकांचा परवाना बाळगण्यापुरता. शिवाय त्याच कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे आजोबांची आठवण म्हणून जपलेला साचा आणि पुतण्याने हौसेने ओतलेल्या चार गोळ्या, दोन्ही कायद्याच्या नजरेत साध्या वस्तू नाहीत. पुतण्याचा चेहरा उतरला. त्याला हे खरंच माहीत नव्हतं.

मग ठरलं : मापं परवानाधारक बंदूकविक्रेत्याच्या कारखान्यात, त्याच्या कारागिराच्या हातून, काका स्वतः हजर असताना घ्यायची. मी उपकरणं घेऊन बाजूला बसणार. बार काढायचा विषय मापं हातात येईपर्यंत बंद.

मापं

नळीचं माप घ्यायची जुनी रीत सोपी आहे. शुद्ध, मऊ शिशाची एक गोळी नळीपेक्षा किंचित जाड घ्यायची, नळीला तेलाचा पातळ हात द्यायचा आणि पितळी दांड्याने ती गोळी नळीतून पार ढकलायची. शिसं नळीचा आकार घेऊन बाहेर येतं. नळीत जिथे खाच, तिथे शिशावर उंचवटा. नळीत जिथे उंचवटा, तिथे शिशावर खोलगट पट्टा.

कारागिराने ते काम छान केलं. शिशाचा तो तुकडा हातात आला आणि मी साधा मायक्रोमीटर लावला. ०.४६१ इंच. पुतण्याच्या गोळ्या ०.४५९ च्या. फरक दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश. क्षणभर मलाही वाटलं, पोराचं बरोबर दिसतंय, साचा याच रायफलीचा असावा.

ही माझी चूक होती, आणि एकतीस वर्षं तपासणीत काढलेल्या माणसाने ती करायला नको होती. तुकडा बोटांत फिरवताना मी उंचवटे मोजले. पाच. पाच म्हणजे विषम. एका उंचवट्याच्या बरोबर समोर दुसरा उंचवटा येतच नाही, खोलगट पट्टा येतो. साधा मायक्रोमीटर एका बाजूला उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूला पट्ट्यावर टेकतो आणि दोन्हींच्या मधलाच आकडा दाखवतो. टूलरूममध्ये पाच धारांचे रीमर (भोक नेमक्या मापाचं करायची हत्यारं) मोजायला १०८ अंशांच्या व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर ठेवतात, तो याच कारणासाठी. तो माझ्या पिशवीत होता. लावला. ०.४७२.

खोलगट पट्ट्यांवरचा व्यास ०.४५०. म्हणजे परवान्यावरचा ‘.४५०’ हा आकडा खोटं बोलत नव्हता, पण तो सांगत होता नळीतल्या उंचवट्यांमधलं अंतर. गोळीला झाकायच्या असतात खाचा, आणि त्या ०.४७२ पर्यंत खोल होत्या. पुतण्याने गोळी नळीच्या तोंडाशी टेकवली तेव्हा ती उंचवट्यांवर अडकली, म्हणून ‘टाइट’ वाटली. खाचांतून मात्र भोवताली साडेसहा थाऊची फट राहिली असती. मागचा जळता वायू त्या फटीतून पुढे पळतो, गोळीच्या कडा वितळवतो, नळीत शिसं माखतो आणि गोळी आटे धरतच नाही. ती लक्ष्यापर्यंत जाते ती गटांगळ्या खात.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. मूळची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. बारा भाग शिसं आणि एक भाग कथील, वरून कागदाचं वेष्टन. मागे ८५ ग्रेन काळी दारू. मऊ गोळीला त्या दारूचा धक्का मागून बसला की ती आखूड होऊन फुगते आणि खाचा भरते. पुतण्याने वापरलेल्या चाकांच्या वजनांत अँटिमनी असतो. ते शिसं कडक, तसं सहजी फुगत नाही. म्हणजे माप लहान आणि धातूही चुकीचा.

मग साचा कुणाचा? .४५० च्या शिकारी एक्स्प्रेस रायफलींची गोळी ०.४५८ ची असे. साच्याचं माप त्याच्याशी जुळतं. घरातल्या कुणाकडे कधीतरी तशी रायफल असावी. ती गेली, साचा राहिला आणि ‘४५०’ या एका आकड्यापायी दोघांचं लग्न लागलं. या आकड्याचा गोंधळ सरकारलाही नडला होता. वायव्य सरहद्दीवर मार्टिनी-हेन्री बाळगणाऱ्यांच्या हाती .४५० ची काडतुसं पडू नयेत म्हणून ब्रिटिशांनी १९०७ च्या सुमारास या बोअरच्या रायफली आणि काडतुसं हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. शिकारी रायफलींत .४६५, .४७० अशी आडमापं आली ती त्यामुळे.

चेंबरचा ठसा

नळी झाली, चेंबर राहिलं. त्यासाठी माझ्याकडे बिस्मथयुक्त मिश्रधातूचा एक तुकडा होता, सेरोसेफ म्हणतात ती. ७१ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, गरम पाण्यात बुडवलेल्या भांड्यातही वितळवता येते. चेंबरच्या थोडं पुढे नळीत कापडाचा बोळा बसवला, रायफल तोंड खाली करून शिकंज्यात धरली आणि कारागिराने मागून धातू ओतली. ही धातू थंड होताना आधी किंचित आक्रसते, मग फुगायला लागते आणि ओतल्यापासून तासाभराने चेंबरच्या बरोबर मापाला येते. पुढे ती फुगतच राहते. म्हणून घड्याळ लावून बसायचं असतं. अर्ध्या तासाने ठसा बाहेर काढला, टेबलावर ठेवला, चहा घेतला, तास पुरा झाल्यावर मोजला.

मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसाला ‘५७७/४५०’ म्हणतात, कारण आधीच्या .५७७ स्नायडर काडतुसाचा गळा आवळून ते ४५० ला आणलं. बाटलीसारखा आकार. ठसाही तसाच आला : रुंद पोट, उतरता खांदा, मग अरुंद गळा. गळ्याचा व्यास ०.४९७.

आता जुळणीचं गणित. पेटीतल्या पुंगळीच्या गळ्याची भिंत ११ थाऊ. दोन्ही बाजू मिळून २२. काडतूस सुटं जावं आणि बारानंतर पुंगळीने गोळी मोकळी सोडावी, म्हणून किमान ३ थाऊ मोकळीक. ०.४९७ मधून २५ थाऊ वजा केले की उरतात ०.४७२. म्हणजे या चेंबरमध्ये जाऊ शकणारी सर्वांत जाड गोळी ०.४७२ ची. आणि ओतीव गोळी खाचांच्या व्यासापेक्षा एक-दोन थाऊ जाड असावी लागते, म्हणजे ०.४७३ किंवा ०.४७४. नळी मागते ती गोळी चेंबर घेत नाही. चेंबर घेतं ती नळीला पुरत नाही.

एवढ्याने रायफल बाद होत नाही, हे इथे स्पष्ट सांगतो. पुंगळीचा गळा छिलून भिंत पातळ करणारे आहेत, मऊ शिसं फुगण्याच्या भरवशावर बरोबर मापाची गोळी वापरणारेही आहेत. त्या दिवशी पुतण्याही तेच म्हणाला, “म्हणजे नवा साचा करून जमेल?”

मी ठसा व्ही-ब्लॉकवर (गोल वस्तू धरायच्या खाचेच्या बैठकीवर) ठेवला आणि बारीक हालचाल दाखवणारा डायल लावला. गळ्यापुढचा नळीचा भाग धरून फिरवलं तर चेंबरचा भाग डायलवर नऊ थाऊ हलत होता. म्हणजे चेंबर नळीच्या रेषेत नाही, कललेलं आहे. एका बाजूची भिंत दुसऱ्या बाजूपेक्षा पातळ. मग भिंग लावलं. पोटाच्या भागावर, त्याच पातळ बाजूला, केसाएवढी एक उभी रेघ वर आली होती, लांबी साधारण तीस मिलिमीटर. ठशावर वर आलेली रेघ म्हणजे पोलादात तेवढी खोल चीर. तडा असेल किंवा घडवताना न मिटलेला सांधा असेल. बाराच्या क्षणी सगळा दाब पहिल्यांदा झेलणारी जागा तीच, आणि तिच्यामागे हातभर अंतरावर नेम धरणाऱ्याचा गाल.

मी ठसा पुतण्याच्या हातात दिला आणि त्याचं नख त्या रेघेवरून फिरवायला सांगितलं. नख अडकलं. नवा साचा करण्याचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

निर्णय

बार काढायचा नाही, हे तिथेच ठरलं. काका म्हणाले, “ठीक आहे.” एवढंच.

दुसरा निर्णय जास्त जड होता. हेन्रीच्या नळीत सात खाचा असतात. इथे पाच, तीही असमान रुंदीच्या. भिंगाखाली शिक्का पाहिला तेव्हा एनफील्ड या इंग्रजी शब्दातलं एन हे अक्षर उलटं कोरलेलं दिसलं. सरहद्दीवरच्या गावांतल्या कारागिरांनी सरकारी रायफली समोर ठेवून हुबेहूब नकला घडवल्या, त्यांच्या शिक्क्यांत उलटी अक्षरं अनेकदा सापडतात. शिवाय मैवंदला मार्टिनी-हेन्री होत्या त्या गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे. मुंबईच्या देशी पलटणींच्या हातात स्नायडर होत्या, कारण १८५७ नंतर देशी शिपायांना एक पिढी जुनं हत्यार द्यायचं हे सरकारी धोरण होतं.

म्हणजे रायफल नक्कल दिसते आणि मैवंदची गोष्ट जुळत नाही. हे काकांना सांगायचं की नाही? पुतण्या म्हणाला, नको. मला वाटलं, जो माणूस स्वतः उठून मापं घ्यायला आला त्याच्यापासून मापं लपवायची नाहीत. मी सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

वकिलांना पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, शिसं वितळायच्या आधी. मीही काकांनी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा ‘बघू’ म्हणून आठवडा घालवला, तेवढ्यात कढई गेली.

नळी मोजण्याआधी खाचा मोजायला हव्या होत्या. नळीच्या तोंडातून टॉर्च मारला असता तर पाच आकडा पाच सेकंदांत कळला असता. साध्या मायक्रोमीटरचं पहिलं माप मोठ्याने बोलून दाखवलं, तेही घाईचं झालं. खोलीतल्या प्रत्येकाला हवा होता तोच आकडा मी बोललो होतो.

आणि चेंबरचा ठसा आधी, नळी नंतर, असा क्रम ठेवला असता तर ती रेघ पहिल्या तासात दिसली असती. गोळीच्या मापाचा सगळा खल करायची वेळच आली नसती.

शेवटी काय झालं

साचा, जुन्या चौदा गोळ्या आणि पुतण्याच्या चार, सगळं वकिलांच्या सल्ल्याने, घडलं तसं लेखी देऊन पोलीस ठाण्यात जमा केलं. रायफल आजही परवान्यावरच आहे. निकामी झालेल्या पुराण्या हत्याराला शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे, पण ते हत्यार दुरुस्त करूनही चालता कामा नये, अशी अट आहे. नुसत्या चिरेने ती भागत नाही. ती कायमची निकामी करून घेण्यासाठी काकांनी ठाणे पोलीस आयुक्तालयात अर्ज केला आहे. उत्तर यायचं आहे.

मैवंदचं सांगितलं त्या दिवशी काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “पाच खाचा पाडल्या कशा असतील हो त्यांनी? मशीन असेल?” मी त्यांना ठशावरचे उंचवटे भिंगातून दाखवले. प्रत्येकावर बारीक आडवे ओरखडे होते, जवळजवळ आणि वाकडेतिकडे. यंत्रावर असे ओरखडे येत नाहीत. लाकडी दांड्याला पोलादाची धार बसवून, हाताने ओढत ओढत, एकेक खाच शेकडो वेळा खरवडून काढली असणार. मी आयुष्यभर कारखान्यात काढलं, मला त्या अनामिक कारागिराबद्दल आदर वाटला आणि तो मी बोलून दाखवला. काकांनी भिंग बराच वेळ खाली ठेवलं नाही. “मग पणजोबांनी ही तिकडूनच आणली असेल,” ते म्हणाले. असेलही.

ठसा आता सागवानी पेटीत, साच्याच्या जागी आहे. आठ-दहा दिवसांनी मी तो पुन्हा मोजला तेव्हा गळ्याच्या व्यासात एक थाऊ वाढला होता. म्हणून त्याला एक चिठ्ठी बांधली आहे : ओतल्याची तारीख, वेळ आणि तासाभरानंतरचं माप. चिठ्ठी पुतण्याच्या अक्षरातली आहे.